शंभर टक्के जुळणारी मुलगी

माझ्या एका चुकीमुळे एका रविवारी सकाळी नेरूळच्या दीड खोलीच्या घरापुढे अकरा नवरे मुलगे उभे राहिले. सगळे एकाच मुलीला बघायला आले होते. सगळ्यांच्या हातात माझ्या प्रिंटरवर छापलेलं पत्र होतं, आणि प्रत्येक पत्रात लिहिलं होतं की ही मुलगी आपल्या अपेक्षांशी शंभर टक्के जुळते.

मी जन्मभर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिले. त्यातले बरेचसे नीट चालले, आणि नीट चाललेल्या प्रोग्रॅमबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. गिऱ्हाईकसुद्धा विसरून जातं की तो कुणीतरी लिहिलाय. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या कामाविषयी लिहा," तेव्हा मला तो रविवारच आठवला. तरी मी या धंद्यात कशी आले ते थोडं सांगायला हवं, नाहीतर त्या अकरा मुलांना मी कुठून आणलं ते कळायचं नाही.

सत्तरच्या दशकात मी रबाळ्याच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात पंच ऑपरेटर म्हणून लागले. टाईपरायटरसारख्या मशीनवर बसायचं आणि पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, हे काम. कुठली भोकं कुठे आहेत त्यावरून कॉम्प्युटरला माहिती कळते. कारखान्याचा स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. कार्डांची खोकी जीपमधून मुंबईला जायची आणि दोन दिवसांनी छापील कागदांचा गठ्ठा परत यायचा. एकदा ड्रायव्हरनं खाडीपुलावर करकचून ब्रेक मारला आणि खोकं उपडं झालं. माणूस प्रामाणिक. त्यानं एकूण एक कार्ड गोळा केलं आणि ती सगळी कडेच्या पट्टीच्या रंगाप्रमाणे छान लावून दिली. लाल एकीकडे, निळी एकीकडे. कार्डांचा क्रम महत्त्वाचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गठ्ठा परत आला त्यात आमच्या जनरल मॅनेजरची नेमणूक बॉयलर खात्यात, तिसऱ्या पाळीला झाली होती. पण खरी गंमत पुढेच आहे. हजेऱ्या ठेवणाऱ्या टाइम ऑफिसच्या कारकुनानं साहेबांना तशी चिठ्ठी पाठवली. मी त्याला म्हटलं, "अहो, तुम्हाला एवढं कळत नाही?" तो म्हणाला, "कळतं हो बाई. पण कागद कॉम्प्युटरचा आहे."

हे वाक्य मी पुढे पंचवीस वर्षं ऐकलं.

भोकं पाडता पाडता मी पुस्तकं वाचून प्रोग्रॅम लिहायला शिकले. प्रोग्रॅम म्हणजे मशीनला दिलेल्या सूचनांची यादी. अमुक असेल तर तमुक कर, नसेल तर पुढे जा. यात अवघड असं काही नाही. अवघड हे की मशीन तुमचं तंतोतंत ऐकतं. घरातलं माणूस "जरा दूध बघ गं" म्हटलं की उतू जायच्या आत गॅस बंद करतं. मशीन दूध बघत बसतं.

ऐंशीच्या दशकात कारखान्यानं आमचं खातं बंद केलं. मी वाशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्येच, एक जुना छोटा कॉम्प्युटर मांडला आणि स्वतःचं काम सुरू केलं. सोसायटीतले लोक चपला बाहेर काढून तो बघायला यायचे. सासूबाईंनी त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातला. आमचे मिस्टर बेलापूरला सरकारी कचेरीत होते. तिथे कुणी विचारलं, "मिसेस काय करतात?" तर ते सांगायचे, "घरीच असतात. टीव्हीसमोर बसून टाईप करतात."

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाचा रबाळ्याला पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना होता. त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता, काचेच्या केबिनमध्ये ठेवला होता, एसी लावला होता. त्याच्याकडून करून काय घ्यायचं एवढंच ठरलं नव्हतं. मी विचारलं, तर शेठ म्हणाले, "मॅडम, पार्टी येते, काचेतून बघते. पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे." मी त्यांना दोन दिवसांत एक प्रोग्रॅम करून दिला. त्यात आकडे वरून खाली धावायचे, मध्येच थांबायचे आणि पुन्हा धावायचे. त्या आकड्यांना काडीचा अर्थ नव्हता. वर्षभरानं शेठनी निरोप पाठवला की हल्ली आकडे जरा सावकाश धावतात, धंदा मंदावलाय असं पार्टीला वाटतं, तर वेग वाढवून द्या. मी वाढवून दिला. धंदाही वाढला म्हणतात.

माझी काम करायची एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. कुणीही काम घेऊन आलं की मी म्हणायची, "कॉम्प्युटरचं राहू द्या. आत्ता हातानं कसं करता ते मला दाखवा." मग मी दोन-तीन दिवस त्यांच्याशेजारी नुसती बसायची. माणूस तोंडानं एक सांगतो आणि हातानं दुसरंच करतो. प्रोग्रॅम हाताचा लिहायचा असतो. ही पद्धत मी एकदाच मोडली, आणि ती वाघमारे मास्तरांच्या कामात.

वाघमारे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मूळचे मराठवाड्यातले. आमच्या बौद्ध समाजाचं वधू-वर सूचक मंडळ ते घरातून चालवायचे. नव्या वसाहतीत सगळेच नवे. कोकणातले, मराठवाड्यातले, कुणी कुणाला ओळखत नाही. मग लग्नं जुळवायची कशी? मास्तरांकडे सगळ्यांचे फॉर्म होते आणि ते सगळे त्यांना पाठ होते. पण मोतीबिंदूमुळे वाचायला त्रास व्हायला लागला आणि पाठ असलेलंही निसटायला लागलं. एकदा त्यांनी सख्ख्या चुलत भावंडांना एकमेकांचं स्थळ सुचवलं. तेव्हापासून ते धास्तावले होते.

एक दिवस ते फॉर्मची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. "जय भीम, ताई. तुमचं काम सोपं आहे बघा. आपल्यात पत्रिका बघत नाहीत, म्हणजे निम्मं काम झालंच."

उरलेलं निम्मं दोन पानी फॉर्मवर होतं. पहिल्या पानावर नाव, पत्ता, जन्मतारीख, वडील काय करतात. दुसऱ्या पानावर वरच्या भागात स्वतःविषयी, म्हणजे उंची, शिक्षण, नोकरी. खालच्या भागात अपेक्षा. मुलांचे खालचे भाग खच्चून भरलेले. उंच, पण फार उंच नको. शिकलेली, पण मुलापेक्षा एक इयत्ता कमी. नोकरी करणारी, पण घराजवळ. एकानं लिहिलं होतं, "मनमिळाऊ, पण कमी बोलणारी."

नेहमीप्रमाणे मास्तरांशेजारी दोन दिवस बसायला हवं होतं. पण दिवाळीच्या आधी पत्रं जायला हवी होती, मास्तर घाईत, आणि फॉर्म इतका व्यवस्थित आखलेला की मला वाटलं, यात विचारायचंय काय? एकच प्रश्न मी विचारला.

"मास्तर, एखादी जागा कुणी कोरी सोडली तर?"

"कोण सोडतंय कोरी?" मास्तर हसले. "मागायला बसलं की माणूस काही कमी मागत नाही, ताई."

मी घरी येऊन प्रोग्रॅम लिहिला. मुलाच्या अपेक्षा मुलीच्या माहितीशी ताडून बघायच्या, मुलीच्या अपेक्षा मुलाच्या माहितीशी, आणि किती टक्के जुळतात ते काढायचं. कोऱ्या जागेचं काय करायचं ते मीच ठरवलं. जिथे काही लिहिलेलं नाही तिथे जुळलं असं समजायचं. एका ओळीची सूचना. मी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

आता काय झालं ते सांगते. सोनवणे नावाच्या एका मुलीचं दुसरं पान पूर्ण कोरं होतं. उंची नाही, शिक्षण नाही, अपेक्षा नाहीत, काही नाही. त्यामुळे तिच्याकडून प्रत्येक मुलगा पास, आणि प्रत्येक मुलाकडून ती पास. बाकीच्या मुली कुणाशी साठ टक्के जुळत होत्या, कुणाशी सत्तर. ही सगळ्यांशी शंभर. जिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं ती मुलगी सगळ्यांना पूर्ण पसंत पडली होती.

प्रिंटरनं प्रत्येक मुलाच्या पत्रात तिचंच नाव छापलं. त्या काळी माझ्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं, म्हणून पत्रं इंग्रजीत. ती वाचायला कितीजणांना त्रास झाला कोण जाणे, पण शंभर टक्के हा आकडा सगळ्यांना वाचता आला. खाली मास्तरांचा नेहमीचा मजकूर होता, की येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मुलीच्या घरी भेट घ्यावी. मास्तरांच्या मंडळींनी तिकिटं चिकटवली आणि पत्रं पेटीत पडली.

रविवारी सकाळी साडेदहाला मास्तर माझ्या दारात. धाप लागलेली.

"ताई, चला. सोनवण्यांच्या घरी गर्दी झालीय."

"कसली गर्दी?"

"पोरांची."

रिक्षात बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. मी म्हटलं, "मास्तर, प्रत्येक पत्रावर एकच नाव आहे, हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की."

"मग?"

"मला वाटलं," मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले, "कॉम्प्युटरला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल."

सोनवण्यांचं घर नव्या बैठ्या घरांच्या ओळीत होतं. बाहेर रस्त्यावर अकरा कुटुंबं. पांढरे शर्ट, कडक इस्त्री, डोक्याला तेल. सुरुवातीला ज्यानं त्यानं दुसऱ्याकडे शेजाऱ्यांचा पाहुणा समजून बघितलं असावं. आम्ही पोचलो तोवर पत्रं बाहेर निघाली होती.

"तुमचं किती?"

"शंभर."

"आमचंपण शंभर."

"बघू? ... खरंच की."

लष्करातून निवृत्त झालेले एक वडील होते. त्यांनी कुणी न सांगताच सगळ्यांना आलेल्या क्रमानं उभं केलं होतं. त्यांचा मुलगा सातवा होता, पण शिस्त म्हणजे शिस्त. शेजारच्या पाटीलकाकी, इथल्या मूळच्या आगरी गावातल्या, ट्रे घेऊन चहा वाटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुमी बी पोराला घेऊन आल्याव? बाराव्या नंबरला उबं ऱ्हा. कप आमचं हायत, कान तुटका आला तं चालवून घ्या."

मुलीचे वडील भगवान सोनवणे दारात उभे होते. एका कारखान्यात बॉयलरवर कामाला असलेला सरळ माणूस. त्यांना मंडळाकडून सगळ्या मुलांची लांबच लांब यादी आली होती, घडी घातलेली, उलगडली तर खोलीभर होईल एवढी. मी विचारलं, "अहो, यादी बघून तुम्हाला शंका नाही आली?"

"मला वाटलं समद्यांनाच एवढी येती, मॅडम," ते म्हणाले. "आता दारात पाव्हणे हायेत म्हटल्यावर चहा तर पाजावाच लागंल ना. पण पोरगी आतून बाहेरच येईना गेली."

आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "त्या तिकडच्या बाई म्हणत्यात, पोरीनंच समद्यांना पत्रं धाडली असतील. आसं बोलत्यात, मॅडम. मी काय सांगू त्यांना?"

इथपर्यंत मला आतून हसूच येत होतं, खरं सांगते. ते तिथे थांबलं.

मी आत गेले. आतल्या अर्ध्या खोलीत संघमित्रा स्टोव्हजवळ पाटावर बसली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची. एका रंगांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करायची, रंगाचे नमुने तपासायची. बोटांच्या टोकांना न जाणारा निळा रंग होता. मी दार लोटलं आणि सांगितलं, "माझं नाव जाधव. ती पत्रं काढायचं काम मी केलं. चूक माझी आहे."

तिनं विचारलं, "मशीन बिघडलं का?"

"नाही. मशीन नीट आहे. तुम्ही दुसरं पान कोरं ठेवलं होतं. मी त्याचा अर्थ असा लावला की तुम्हाला काहीही चालेल."

"काहीही?"

"हो."

"मॅडम, फॉर्म बाबांनी आणला. पहिलं पान त्यांनी भरलं. दुसरं माझ्यापुढे ठेवलं. बाबांना तोंडावर नाही म्हणवत नाही मला. म्हटलं, कोरं ठेवू, त्यांना कळेल की मला आत्ता नकोय. 'नको' लिहायला त्या फॉर्ममध्ये कुठे जागाच नव्हती."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की मशीन शब्दशः ऐकतं, माणसाला मात्र न लिहिलेलंही कळतं. आणि ही मुलगी मशीनवर नव्हे, माणसांवर विसंबली होती.

"मी बाहेर जाऊन सांगते," मी म्हटलं.

बाहेर येऊन मी दारातल्या दगडावर उभी राहिले आणि सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, की पत्रांत चूक झाली आहे, मुलीचा यात काही संबंध नाही, तिनं कुणालाही बोलावलेलं नाही, आणि मंडळातर्फे मी माफी मागते. मला वाटलं, लोक चिडतील, बोलतील आणि जातील.

कुणी हललं नाही.

बेलापूरच्या एका कचेरीत कारकून असलेला चौथ्या क्रमांकाचा मुलगा पुढे आला. "तुम्ही कोण?"

"प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

"ते असेल. पण पत्र कॉम्प्युटरनं दिलंय ना?"

"कॉम्प्युटरला मीच सांगितलं होतं तसं."

"मग आता तसं सांगा की चूक झाली. म्हणजे तसं पत्र येऊ दे त्याच्याकडून." त्यानं हातातला कागद वर धरला. कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला तो कागद. "हे असं लेखी आहे आमच्याकडे. तुमच्या नुसत्या तोंडी शब्दावर आम्ही कसं जाणार?"

"बरोबर आहे," लष्करवाले वडील म्हणाले. "रद्दची ऑर्डर ज्या ऑफिसातून मूळ ऑर्डर निघाली तिथूनच पाहिजे."

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान डोलावली. त्यांनाही ते पटलं होतं.

तेव्हा मी पुन्हा रिक्षा केली, वाशीला आले, रुमाल बाजूला काढला, आणि कॉम्प्युटरच्या नावानं अकरा पत्रं लिहिली. मागील पत्र चुकीचे होते, ते रद्द समजावे, त्यात मुलीचा दोष नाही. प्रिंटर कर्कश आवाज करत एकेक ओळ काढत होता. नऊ पत्रं झाली आणि आमच्या सेक्टरची वीज गेली. वाट बघितली, येईना. तिकडे माणसं उन्हात उभी. शेवटी नऊ पत्रं आणि प्रिंटरचे चार कोरे कागद घेऊन मी निघाले, आणि रिक्षात, मांडीवर फाईल ठेवून, उरलेली दोन हातानं लिहिली.

नऊजणांनी आपापलं पत्र घेतलं, जुन्या पत्राशी अक्षर ताडून बघितलं आणि ते परत जायला तयार झाले. एकानं तर मला धन्यवाद दिले. दहावं आणि अकरावं कुटुंब मात्र अडून बसलं.

"हे हातानं लिहिलंय."

"मजकूर तोच आहे हो," मी म्हटलं. "लाइट गेली. मजकूर शब्दाला शब्द तोच आहे."

"पण हे तुम्ही लिहिलंय."

"तेही मीच लिहिलं होतं!"

दहाव्या मुलाची आई समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, तुम्ही रागवू नका. पण गावी दाखवायचं असतं आम्हाला. उद्या कुणी म्हणालं, मुलीकडच्यांनी घरीच लिहून दिलं, तर?"

मी हात टेकले आणि आत जाऊन स्टोव्हजवळ बसले. संघमित्रा दाराआडून सगळं ऐकत होती. दहाव्या कुटुंबाचं जुनं छापील पत्र माझ्या हातातच राहिलं होतं. ते तिनं घेतलं, उजेडाकडे धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"हे ठिपक्यांचं आहे," ती म्हणाली.

"हो. प्रिंटर सुयांनी ठिपके मारतो. ठिपक्यांचं अक्षर."

"कोरा कागद आहे का?"

दोन होते, माझ्या फाईलमध्ये उरलेले. तिनं बॉलपेन घेतलं, पाट पुढे ओढला, आणि छापील पत्र शेजारी ठेवून एकेक ठिपका द्यायला सुरुवात केली. लॅबमध्ये थेंब मोजून काम करणारा हात होता तो. न थरथरता, एकाखाली एक सात ठिपके, मग पुढची उभी ओळ. मी बाद झालेल्या एका हस्तलिखिताच्या मागे प्रयत्न केला, पण माझी अक्षरं लडखडली. तिनं तो कागद माझ्याकडून काढून घेतला.

"तुम्ही मजकूर सांगा, मॅडम. मी पाडते."

मग मी सांगत गेले. बाहेर पाटीलकाकींचा चहा तिसऱ्यांदा फिरला. मजकुरातली "मुलीचा दोष नाही" ही ओळ आली तेव्हा तिचं पेन थांबलं.

"हे मीच माझ्याबद्दल लिहायचं का?"

"कॉम्प्युटर लिहितोय," मी म्हटलं.

तिला हसू फुटलं. इतकं, की पेन खाली ठेवावं लागलं. मलाही आवरेना. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो, आणि बाहेर तिचे वडील दाराला कान लावून विचारत होते, "मित्रा, रडती का काय गं?"

दोन्ही पत्रं झाल्यावर ती स्वतः उठली आणि स्वतःच बाहेर गेली. सकाळपासून पहिल्यांदा. दहाव्या आणि अकराव्या कुटुंबाला तिनं ती दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितली. बॉलपेनच्या निळ्या शाईचं कुणाला काही वाटलं नाही. दहाव्या मुलाची आई म्हणाली, "हां, हे कसं ओरिजिनल वाटतं."

तरी गर्दी लगेच पांगली नाही. तीन तास शेजारी शेजारी उभं राहिल्यावर लोकांची ओळख झाली होती. आठव्या मुलाबरोबर त्याची बहीण आलेली होती, ती लष्करवाल्यांच्या बायकोला आवडली. दुसऱ्या मुलाचा मामा आणि नवव्याची आत्या एकाच तालुक्यातले निघाले आणि त्यांच्या बोलण्यातून तिसरंच एक स्थळ निघालं. पुढच्या काही महिन्यांत त्या रांगेतून दोन लग्नं झाली. जुळली ती सोनवण्यांच्या घरापुढेच, कॉम्प्युटरशिवाय.

बुधवारी मास्तर माझ्याकडे आले. मी त्यांना म्हटलं, "चूक सापडलीय, मास्तर. एका ओळीचा बदल आहे."

ते म्हणाले, "ताई, दुरुस्त करायलाच पाहिजे का?"

"म्हणजे?"

"दोन वर्षांत माझ्याकडून दोन लग्नं जुळली नव्हती. तुमच्या चुकीनं एका सकाळी जुळली. दर महिन्याला एखादी चूक केली तर..."

"आणि ती मुलगी?"

मास्तर वरमले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं आहे," म्हणाले. "तिचा विचार नाही केला मी."

मी ती ओळ बदलली. कोरी जागा आली की प्रोग्रॅमनं थांबायचं आणि त्या फॉर्मचा क्रमांक कागदावर काढायचा, म्हणजे माणसानं जाऊन विचारायचं. आणि फॉर्मच्या दुसऱ्या पानावर सगळ्यांत वर एक नवीन ओळ घातली, "सध्या विवाह करावयाचा आहे काय?" मास्तरांना वाटलं, लग्नाच्या मंडळात हा प्रश्न कोण विचारतं! पण विचारायला आम्ही दोघं घरोघर गेलो. कोरे फॉर्म आम्हाला वाटले होते त्याहून पुष्कळ निघाले, आणि जवळजवळ सगळे मुलींचे. निम्म्या जणींनी त्या ओळीपुढे "नाही" लिहिलं. एकीनं वडिलांसमोर लिहिलं नाही, आम्हाला सोडायला जिन्यापर्यंत आली आणि तिथे हळूच सांगितलं. मंडळ लहान झालं. प्रोग्रॅम त्यानंतर अगदी निर्दोष चालला आणि त्या एका चुकीइतकी लग्नं त्यानं एका वर्षात कधी जमवली नाहीत. याची थोडी खंत मला आहे. ती ओळ बदलल्याची मात्र नाही.

दोन वर्षांनी संघमित्रा स्वतः मंडळात आली. दुसरं पान तिनं पूर्ण भरलं होतं, वरच्या ओळीपुढे "होय" होतं, आणि अपेक्षांच्या जागी एकच अट होती, "मुलानं हे पान स्वतःच्या हातानं भरलेलं असावं."

मास्तरांनी ते मला वाचून दाखवायला सांगितलं आणि डोक्याला हात लावला. मुलांचे फॉर्म बहुतेक आयांनी भरलेले असायचे, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. आणि कोणाचं अक्षर कोणतं हे कॉम्प्युटरला कळायचा प्रश्नच नव्हता. मग मी आणि मास्तर जमिनीवर फॉर्म पसरून बसलो आणि सही कुणाची, मजकूर कुणाचा, हे भिंगानं ताडत राहिलो. दोन दिवस लागले. तीन फॉर्म निघाले.

मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तीन? मला वाटलं, एकही निघायचा नाही."

ती तिघांनाही भेटली. महिन्याभरानं वाशीला माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"दोघांचं अक्षर त्यांचं होतं, मॅडम. बोलणं आईचं."

"आणि तिसरा?"

"तो माझी बोटं बघत होता. मला वाटलं, रंग बघून नाक मुरडणार. तर त्यानं विचारलं, हा निळा कसा करतात? मग मी सांगायला लागले. नमुना कसा घ्यायचा, किती थेंब, कपड्यावर कसा बसतो. दीड तास मीच बोलत होते. त्याची आई दोनदा म्हणाली, चल, निघू या आता."

"मग?"

"तो आईला म्हणाला, तू हो पुढं."